नव्याचा सण आणि गव्हाचा चीक: ज्यू सणाच्या ताटात नारळ कुठून आला?

सप्टेंबर आला की बातम्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सफरचंदाच्या फोडी आणि मधाच्या वाटीचे फोटो फिरायला लागतात, नेतेमंडळी 'शाना तोवा' म्हणून शुभेच्छा देतात, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना एवढंच कळतं की ज्यू लोकांचं नवीन वर्ष आलंय आणि ते सफरचंद मधात बुडवून खातात. ते बरोबरच आहे. पण अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे, मुंबई या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे ज्यू राहतात, आणि त्यांच्या घरी या सणाला जो पदार्थ झालाच पाहिजे तो आहे चिकाचा हलवा. तोच चीक, आपण कुरडयांसाठी गहू भिजवून काढतो तो. फक्त इथे तो नारळाच्या दुधात आटवतात, आणि त्यात तुपाचा एक थेंबसुद्धा घालत नाहीत.

तूप का नाही? गाईम्हशीचं दूध का नाही? हे समजलं की ज्यू स्वयंपाकाचं अर्धं गणित सुटतं, म्हणून हा लेख.

सणाचं नाव रोश हशाना. ज्यू पंचांगाप्रमाणे तिश्री महिन्याचे पहिले दोन दिवस. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे सण आदल्या संध्याकाळी लागतो. २०२६ मध्ये तो ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि १३ ला संध्याकाळी संपतो, १४ ला गणपती, म्हणजे कोकणात एकाच आठवड्यात एका घरी मोदकासाठी आणि दुसऱ्या घरी हलव्यासाठी नारळ खवले जाणार.

हे लोक कोण, थोडक्यात

स्वतःला ते बेने इस्रायल म्हणवतात. त्यांच्यात चालत आलेली गोष्ट अशी की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे हे वंशज. नेमकं कधी याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे, आणि आडनावं बघा, केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. इस्रायल देश झाल्यावर बरेचसे तिकडे गेले, अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा अशा गावांत आजही मराठी कानावर पडतं. इथे जे थोडे उरलेत त्यांना महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

इतिहास एवढाच पुरे, आता स्वयंपाकघरात जाऊ.

कोशर म्हणजे नक्की काय

कोशर म्हणजे धर्माच्या नियमात बसणारं, खायला चालणारं. आपल्याकडे उपवासाला काय चालतं आणि काय नाही याची यादी असते ना, साबुदाणा चालतो, गहू नाही, सैंधव चालतं, साधं मीठ कुणाकडे चालतं कुणाकडे नाही, आणि ते ठरवणं पौष्टिकतेवर नसतं तर परंपरेवर असतं, तसंच हे. फरक इतकाच की आपली यादी त्या दिवसापुरती आणि यांची वर्षाचे ३६५ दिवस.

नियम बरेच आहेत पण मुख्य तीन लक्षात ठेवा.

पहिला, कुठले प्राणी. जनावराचे खूर दुभंगलेले हवेत आणि ते रवंथ करणारं हवं, म्हणजे बकरा, मेंढी, गाय चालते, डुक्कर नाही. (कोकणात गाय नियमात बसत असूनही हिंदू शेजाऱ्यांसोबत राहताना बेने इस्रायल ती टाळत आले, त्यामुळे यांच्याकडे मटण म्हणजे बकरा आणि दुसरी कोंबडी.) पाण्यातलं असेल तर पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे रावस, बांगडा चालला. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल, मोरी बाद. कोकणात राहून कोळंबी न खाणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल.

या माशांवरून एक गोष्ट सांगतात. बेने इस्रायल शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते, हिब्रू विसरले होते, बहुतेक प्रार्थना विसरले होते. मग डेव्हिड राहाबी नावाचे एक गृहस्थ आले आणि त्यांना शंका आली की हे लोक ज्यू असावेत. त्यांनी बायकांना मिसळ मासळी आणून दिली आणि शिजवायला सांगितली. बायकांनी काही न विचारता बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, म्हणाल्या हे आमच्यात खात नाहीत. राहाबींची खात्री पटली. राहाबी नेमके कुठल्या शतकातले यावरही वाद आहेत, पण मला ही गोष्ट आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. ग्रंथ विसरला गेला, भाषा गेली, आणि तरी नियम मासळी साफ करणाऱ्या हातांत शिल्लक राहिला.

दुसरा नियम रक्ताचा. रक्त खायचं नाही. त्यामुळे जनावर ठराविक पद्धतीनं कापायचं, मग मटण साधारण अर्धा तास पाण्यात ठेवायचं, जाड मीठ चोळून तासभर निथळत ठेवायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं आणि मग शिजवायचं. यामुळे मटणात आधीच मीठ मुरलेलं असतं, रस्सा करताना हात आखडता घ्यावा लागतो, नवख्या माणसाचा रस्सा इथे हमखास खारट होतो.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आपल्या हलव्याशी संबंध असलेला.

दूध आणि मटण एका ताटात नाही

तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्यात एक वाक्य तीन वेळा येतं की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. एवढंच वाक्य. पण पुढच्या काळातल्या धर्मपंडितांनी, ज्यांना रब्बी म्हणतात, त्याचा अर्थ वाढवत नेला, म्हणजे कुठलंही मांस कुठल्याही दुधासोबत शिजवायचं नाही, खायचं नाही, दोन्हीची भांडी वेगळी, आणि मटण खाल्ल्यावर दुधाचं काही खायला काही तास थांबायचं. किती तास हे कुठले ज्यू यावर अवलंबून, कुठे एक, कुठे तीन, बहुतेक ठिकाणी सहा.

आता इथे कुणीही विचारेल की कोंबडी कुठे दूध देते? बरोबर प्रश्न आहे, आणि तो दोन हजार वर्षांपूर्वीच विचारून झालाय. तालमूद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा प्रचंड मोठा संग्रह, त्यात नोंद आहे की रब्बी योसे हगलिली यांच्या गावात कोंबडी दुधात खायचे, कारण त्यांचं म्हणणं तेच, कोंबडीला आईचं दूध नसतं. पण बहुमत दुसरीकडे गेलं, लोक गोंधळतील म्हणून कोंबडीपण मटणातच धरायची असं ठरलं आणि आजही तसंच आहे. मासे आणि अंडी मात्र सुटली, ती कुठल्याच बाजूची धरली जात नाहीत. अशा ना दुधाच्या ना मांसाच्या पदार्थाला पार्वे म्हणतात. भाज्या, धान्य, फळं, तेल, साखर, गूळ, सगळं पार्वे.

आता सणाचं जेवण डोळ्यांपुढे आणा. सणाला घरात मटण किंवा कोंबडी असणार. म्हणजे त्याच जेवणात दही नाही, ताक नाही, तूप नाही, खवा नाही, श्रीखंड नाही, बासुंदी नाही. आपली गोडाची जवळजवळ अख्खी यादी एका फटक्यात गेली! गोड तर हवंच, कारण नवीन वर्ष गोड जावं हाच तर सणाचा मुद्दा. मग जे काही करायचं ते पार्वे करायचं.

युरोपातल्या ज्यूंनी यावर उपाय काढला तो तेल घालून केलेल्या मधाच्या केकचा. कोकणातल्या ज्यूंच्या परसात नारळ होता.

पण नारळाचं दूध तर कोकणात सगळेच घालतात, त्यात ज्यू काय?

हा आक्षेप योग्य आहे. सोलकढी, माशाची कढी, नारळी भात, खीर, सगळ्यात नारळच. बेने इस्रायल काही वेगळं आकाशातून घेऊन आले नव्हते, शेजारी जे शिजत होतं तेच ते शिकले. पण बारकाईनं पाहिलं तर फरक कळतो. शेजारच्या घरात नारळाचं दूध एका पदार्थात आणि तूप दुसऱ्यात, दोन्ही एकाच पंगतीत गुण्यागोविंदानं असतात, नारळ घालायचा की नाही हा चवीचा प्रश्न असतो. यांच्या घरी मटण असलेल्या जेवणात तो पर्यायच नाही. त्यामुळे रस्सा दाट करायला नारळ, भाताला नारळ, गोडाला नारळ, आणि फोडणीला तेल. तेल तर घरच्याच घाण्याचं, ही सोय किती कामाला आली असेल (हा माझा अंदाज, पण मला पटतो).

मला विचाराल तर बेने इस्रायलांचं जेवण समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. प्रश्न धर्मग्रंथानं घातलेला आणि उत्तर कोकणानं दिलेलं. जगात ज्यू जिथे जिथे गेले तिथे हेच झालंय, नियम सोबत नेले आणि भाजी तिथल्या बाजारातून घेतली. पण कोकणाइतकं सोपं उत्तर फार कमी ठिकाणी मिळालं असेल, कारण दुधाला दुधासारखाच दिसणारा, तितकाच स्निग्ध आणि पूर्णपणे झाडावरचा पर्याय दारात उभा होता.

दुधासारखा दिसतो, मग घोटाळा नाही होत?

होतो, आणि रब्बींनी त्याचाही विचार केलाय. ज्यू कायद्यात एक तत्त्व आहे की बरोबर असलेली गोष्टसुद्धा बघणाऱ्याला चुकीची वाटेल अशी करू नये. मटणात पांढरं दूध दिसलं तर पाहुणा म्हणेल की अरे यांच्याकडे चालतं वाटतं, आणि तो घरी जाऊन खरं दूध घालेल. युरोपात बदामाच्या दुधाबाबत हा प्रश्न आला तेव्हा उपाय सांगितला गेला की ताटाशेजारी चार बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल. किती साधं! कोकणात शेजारी करवंट्या पडलेल्याच असतात, तिथे कुणाला काय शंका येणार.

सणाच्या ताटात आणखी काय

रोश हशानाच्या रात्री जेवणाआधी काही ठराविक गोष्टी थोड्या थोड्या खातात, प्रत्येकीवर छोटीशी प्रार्थना म्हणतात. या पदार्थांना सिमानिम म्हणतात, म्हणजे खुणा किंवा शुभशकुन. याचं मूळ तालमूदमध्ये आहे. अबाये नावाच्या बॅबिलोनियातल्या रब्बींनी पाच गोष्टी सांगितल्या, भोपळा, चवळीसारखी शेंग, कांद्याच्या पातीच्या कुळातली लीक, बीटच्या कुळातली पालेभाजी, आणि खजूर. याच पाच का? कारण अरामी आणि हिब्रू भाषांत त्यांची नावं काही शुभ शब्दांसारखी ऐकू येतात. चवळीच्या नावात 'वाढो' ऐकू येतं म्हणून आमचं पुण्य वाढो, खजुराच्या नावात 'संपो' म्हणून आमचे शत्रू संपोत. बस एवढंच. त्यात आरोग्यशास्त्र वगैरे शोधायला जाऊ नका, फॉरवर्ड मेसेजमध्ये कुणी शोधलं असेल तरी.

नंतर यात भर पडत गेली. डाळिंब, कारण दाणे भरपूर आणि तोरातल्या ६१३ आज्ञांइतके दाणे असतात अशी समजूत (मोजून कुणी बघत नाही). माशाचं किंवा बोकडाचं डोकं, कारण नवीन वर्षात आपण शेपटाकडे नाही, डोक्याकडे असावं. आणि सफरचंद मधासोबत, ही पद्धत मध्ययुगात जर्मनीच्या बाजूच्या ज्यूंची. त्यांना अश्केनाझी म्हणतात, मूळचे युरोपातले. जगभरच्या फोटोंत सफरचंदच दिसतं याचं एक कारण हे की अमेरिकेतले बहुतेक ज्यू अश्केनाझी आहेत. ते आता इथेही पोचलंय, पण कोकणाच्या बाजारात खजूर आणि भोपळा सफरचंदाच्या कितीतरी आधीपासून आहेत.

लीक आपल्याकडे सहज मिळत नाही, पातीचा कांदा घ्या. चवळी उकडून थोडं मीठ. भोपळ्याच्या फोडी तेलावर परतून त्यात गूळ आणि वेलची, तूप नको, कारण काय ते आता कळलंच असेल. आंबट आणि कडू मात्र या दिवशी शक्यतो टाळतात, वर्ष आंबट कशाला करून घ्या.

प्रार्थनेला द्राक्षाची वाईन लागते. कोकणात ती कुठून आणणार? तर काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या, त्या सरबतावर प्रार्थना म्हणायची. ही कोकणातली पळवाट नाही हं, मनुकांपासून केलेलं पेय ज्यू कायद्यात मान्य आहे. दर शुक्रवारी संध्याकाळीसुद्धा बेने इस्रायलांच्या घरी हे सरबत असतं.

मध चालतो कसा, माशी तर कोशर नाही?

इथे खरंच डोकं लावावं लागतं. नियम असा की जो प्राणी खायला चालत नाही त्याच्यापासून निघालेलंही चालत नाही. उंटिणीचं दूध नाही, कासवाची अंडी नाहीत. मधमाशी हा कीटक, तो चालत नाही, मग मध?

तालमूदचं उत्तर असं की मध माशीच्या शरीरानं तयार केलेला नसतो. ती फुलातला रस घेते, साठवते आणि बाहेर टाकते, म्हणजे ती रस वाहून नेणारी झाली, बनवणारी नाही. आजचं विज्ञान म्हणेल की माशीच्या लाळेतली एन्झाइम्स त्यात मिसळतात, रसाचं रूप बदलतं. ते खरंय. पण धर्माचा निकाल तेव्हा लागला तो लागला, मध चालतो. शिवाय तोरात 'दूध आणि मधाचा देश' असं वर्णन येतं, त्यातला मध खजुराचा काकवीसारखा पाक असावा असं बरेच जण मानतात.

सणाच्या दिवशी चूल पेटवायची की नाही

शनिवारी, म्हणजे शब्बाथला, स्वयंपाक पूर्ण बंद. सणाच्या दिवशी थोडी सवलत, शिजवता येतं, पण नवीन आग पेटवायची नाही, आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरून घ्यायची. म्हणून आदल्या दिवशी दिवा लावून ठेवतात.

२०२६ मध्ये गंमत म्हणजे सणाचा पहिला दिवसच शनिवार. म्हणजे सवलत गेली, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शनिवारचं सगळं जेवण तयार पाहिजे. आता विचार करा, फ्रीज नव्हता तेव्हा भाद्रपदातल्या दमट हवेत नारळाच्या दुधाचा पदार्थ दोन-तीन दिवस कसा टिकवायचा? नारळाच्या दुधातली कढी संध्याकाळपर्यंत आंबते. हलवा टिकतो, कारण साखर भरपूर आणि पाणी आटवून आटवून घालवलेलं. म्हणून तो सणाच्या आधी करून ठेवायचा, थाळ्यात थापायचा, वड्या पाडायच्या, आणि मग शेजारीपाजारी, हिंदू मुसलमान सगळ्यांकडे ताटं जायची. सणाचा पदार्थ वाटण्याजोगा असला पाहिजे हा आपल्याकडचा अलिखित नियम त्यात चोख बसतो.

जुन्या नावांत लपलेला मेनू

बेने इस्रायलांना हिब्रू नावं नंतर पुन्हा शिकवली गेली. त्याआधी सण मराठी नावांनी ओळखले जायचे, आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवली म्हणून आपल्याला माहीत. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांत खिरीचा सण, नवीन धान्याची नारळाच्या दुधातली खीर. योम किप्पूर हा कडक उपासाचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठी. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण दोन्ही पौर्णिमेच्या सुमाराला आणि बऱ्याचदा एकाच वेळी येतात, आणि हो, पुरणपोळ्यासुद्धा होतात. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवट्याचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण. रायगडात वालाचं बिरडं म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

बघा, यातली निम्मी नावं सरळ सरळ पदार्थांची आहेत. सण का करायचा त्याची कथा पुसट झाली होती, काय शिजवायचं ते पक्कं लक्षात होतं.

एक पदार्थ मात्र एका सणाला बांधलेला नाही, तो म्हणजे मलिदा. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, सुकामेवा, सोबत फळं. लग्न, बाळाचा जन्म, नवस फेडणं, नवीन घर, काही चांगलं झालं की एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत, तिथून एलियाहूचा रथ स्वर्गात गेला असं मानतात, तिथे जाऊनही मलिदा होतो. मलिद्यात दूध नाही, म्हणजे तोही पार्वे.

मग हाच हलवा सगळ्या सणांना चालतो का?

नाही! आणि इथे नियमांची खरी कसोटी आहे. वसंतात पेसाह येतो, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण. घाईत निघाल्यामुळे कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्या आठवड्यात फुगलेलं, आंबलेलं धान्य घरात ठेवायचंसुद्धा नाही. त्याला हामेत्झ म्हणतात. गहू, बार्ली आणि त्यांच्या कुळातली आणखी तीन धान्यं यात येतात, आणि पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झालं नाही तर ते हामेत्झ.

अठरा मिनिटं! आणि आपल्या हलव्याचा गहू तीन दिवस भिजतो. म्हणजे नव्याच्या सणाचा मानकरी पेसाहला घरात पाय ठेवू शकत नाही.

मग पेसाहला काय? तांदूळ. पण तिथेही मतभेद. अश्केनाझी ज्यू साधारण तेराव्या शतकापासून पेसाहला तांदूळ आणि कडधान्यंही टाळत आले, बेने इस्रायल आणि पूर्वेकडचे बरेच ज्यू खातात. कोकणात तांदूळ बंद केला असता तर आठ दिवस खायचं काय? गोडाला खजूर शिजवून, गाळून, आटवलेला शिरा, जो बिनआंबवलेल्या रोटीला लावून खातात. सणाआधी घराला सफेदी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवीन कल्हई ही जुनी पद्धत.

पेसाहचं जुनं मराठी नाव अनाशी ढाकाचा सण. घरात कालवणासाठी आंबट द्रवाचा रांजण असायचा, तो या आठ दिवसांत झाकून ठेवायचे. इजिप्त, कणीक, ज्यूंना तिथून बाहेर काढणारा मोशे, कशाचाच पत्ता नव्हता असं धरलं तरी आंबलेलं या आठवड्यात चालत नाही एवढं हातांना माहीत होतं. माशांच्या गोष्टीसारखंच आहे हे.

म्हणजे हे 'अस्सल' ज्यू जेवण नाहीच का?

काही लोकांना वाटतं की ज्यू जेवण म्हणजे बेगल (मध्ये भोक असलेला गोल पाव), ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) आणि माशाचे गोड गोळे, बाकी सगळी नक्कल. पण बेगल हा पोलंडचा, तोसुद्धा तिथल्या शेजाऱ्यांच्या भट्टीतूनच आला असं बरेच जण मानतात. येमेनच्या ज्यूंचं मेथीचं वाटण, कोचीच्या ज्यूंचे नारळातले मासे, सगळ्यांत स्थानिक चव. एकाला अस्सल म्हणायचं आणि दुसऱ्याला उसनं, याला मला काही आधार दिसत नाही. ज्यू काय आहे ते बघायचं तर भांड्यात काय घातलंय यापेक्षा काय घातलं नाही ते बघा.

हलवा करायचाच असेल तर

कुरडयांचा चीक काढता येणाऱ्या घरात निम्मं काम माहीत आहे. चांगला गहू धुवून तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास येतो. तिसऱ्या दिवशी वाटून, कापडातून पिळून, रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, तळाशी पांढरा घट्ट चीक राहतो.

एक वाटी चिकाला साधारण चार वाट्या नारळाचं दूध, निम्मं पहिलं दाट आणि निम्मं दुसरं पातळ, आणि दीड ते दोन वाट्या साखर. नारळ ताजे घ्या, डब्यातलं दूध चालतं पण त्याचा एक वेगळाच गोडसर वास येतो तो मला आवडत नाही, आणि डब्यावर घटक वाचा, काही कंपन्या नारळाच्या दुधाच्या पावडरीत दुधातलं प्रोटीन घालतात, ते असलं तर सगळं मुसळ केरात.

जाड बुडाच्या पातेल्यात चीक, नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ सगळं थंड असतानाच एकजीव करून घ्या आणि मग गॅसवर ठेवा. गरम दुधात चीक ओतला तर गुठळ्या झाल्याच समजा. मध्यम आचेवर ढवळत राहायचं, सोडायचं नाही, फोन आला तरी नाही. आधी बराच वेळ काहीच होत नाही, मग अचानक घट्ट व्हायला लागतं आणि हात दुखायला लागतो, म्हणून पूर्वी हे काम चार बायका मिळून पाळीपाळीनं करायच्या. एवढ्या मापाला तासभर सहज जातो, सणाच्या मापाला अर्धा दिवस. गोळा कडेनं सुटायला लागला, चकाकी आली आणि नारळाचं तेल कडेला दिसायला लागलं की झालं. वेलची, जायफळ घाला. काही घरी गुलाबी रंग घालतात, न घातला तरी काही बिघडत नाही. थाळ्यात ओतून वरून बदाम पिस्त्याचे काप, थंड झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात वड्या.

वेळ नसेल तर हल्ली बरेच जण चीक सोडून चायना ग्रास वापरतात. ते समुद्री शेवाळापासून होतं, म्हणजे पार्वे, नियमात बसतं. जिलेटिन मात्र नको, ते जनावराच्या हाडाकातड्यापासून येतं. चायना ग्रासच्या वड्या दिसायला सुंदर होतात पण दाताखाली चिकाची जी लवचिक चिवट मजा आहे ती त्यात नाही, स्पष्टच सांगतो.

आणि थाळ्याला हात लावताना सवयीनं तुपाची वाटी पुढे येईल. तेलाचा हात लावा. तुपाचा लावलात तर तीन दिवस भिजवलेला तो हलवा मटणाच्या जेवणानंतर कुणालाच खाता येणार नाही.